पंचवीस दिवसांचा कोर्स

पहिले तीन दिवस दर दोन तासांनी एक.
स्वयंपाकघरातल्या टायमरला अंडी उकडण्यापलीकडे
मी कधी काम दिलं नव्हतं;
आता तो किणकिणला की निमूट तोंड उघडते,
शाळेत जंताच्या औषधाला उघडायचे तसं.

गोळी कसली, मसुराच्या दाण्याएवढी.
डॉक्टर पेन्चेवा म्हणाल्या, झाडाच्या बियांतून काढतात.
मे महिन्यात पिवळी झुंबरं लटकतात ना
पोस्टामागच्या बागेत, तेच ते.
लहानपणी त्याच झाडाखाली बजावलं होतं आम्हाला:
शेंगेला हात लावाल तर याद राखा, विष आहे.
आता पाकिटात मिळतं, पावतीसकट.

आतल्या घडीच्या कागदावर मुंगीच्या अक्षरांत दुष्परिणाम.
तोंडाला कोरड. आहे.
चिडचिड. बाय मेतोदीला विचारा,
खालच्या गॅलरीत बसून ओढतो बिचारा,
काल त्याच्या टकलावर मी सतरंजी झटकली.
विचित्र स्वप्नं.
ती मात्र मी कुणाला सांगितलेली नाहीत.
रात्रपाळीला टॅक्सीचे फोन घेते मी, प्लोवदिवभरचे,
आणि दिवसा झोपेतही फोन वाजतो:
गाडी पाठव, तंबाखूच्या शेडपाशी.
कुठली शेड, नाव सांगा, मी विचारते,
आणि रिसीव्हरच्या भोकाभोकांतून
धूर येतो नुसता.

सहाव्या दिवशी पहाटे
पाळी संपवून घरी आले आणि मोरीवर ओणवी झाले.
पोटात कुणीतरी पळी घालून ढवळावं तसं.
नळ सोडला, गार फरशीला कपाळ टेकलं,
आणि अशी वाकलेली पाठ
मी आधी पाहिलेली आहे, हे आठवलं.

आईची.
शेताच्या बांधावर, अजून उजाडायचं होतं.
दवानं भिजलेली पानं खुडून ओटा भरायचा,
पोलक्याच्या बाह्या दंडापर्यंत ओल्या,
बोटांवर काळा डिंक,
तो हिरवा टोमॅटो चिरडून चोळल्याशिवाय निघत नसे.
ती बांधाकडे धावायची, ओकायची,
तोंड पुसून पुन्हा ओळीत.
शेजारची स्तोयना सुईत पान ओवता ओवता हसली होती:
हिला दिवस गेलेले दिसतात.

मी सहा वर्षांची.
भावाचं नाव ठरवून टाकलं, राद्को.
त्याच्यासाठी अर्धे अक्रोड वेगळ्या डब्यात.
पानं वाळली, गासड्या बांधल्या, गाडी येऊन घेऊन गेली,
मला नवे बूट आले,
बर्फ पडलं,
राद्को आला नाही.
मी देवाजवळ चोरून बहीण मागितली होती एकदा,
म्हणून.

हे मी कुणाला विचारलं नाही. आईला तर नाहीच.
पण मृतांच्या शनिवारी गेली चाळीस वर्षं
चर्चमध्ये एक मेणबत्ती जास्तीची लावते,
नवऱ्याला वाटतं मोजायला चुकते.

डॉक्टरांना फोन केला, मळमळ होते म्हणाले.
होणारच, त्या म्हणाल्या, शरीराला बी आणि पान सारखंच,
एकाच दारावर थाप मारतात दोघं.
ओली पानं खुडणाऱ्या बायकांना तर
कातडीतूनच चढायचं.
बिस्किट खाऊन घेत जा.

आयुष्यात एक सिगरेट ओढली नाही तिनं.
आणि मी, चौतीस वर्षं, रोजचं पाकीट,
तिच्या हातचंही पान असेल त्यात कधी.

आज कोर्सचे सतरा दिवस गेले.
तलफ येते, जाते, दाराशी थांबत नाही.
शनिवारी मेणबत्त्या घेतल्या, मोजून चार.
पायऱ्या उतरले,
कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत आले,
जिथे पूर्वी सिगरेट घ्यायचे,
आणि मागे फिरून
पाचवी घेतली.
म्हातारी सुट्टे मोजत म्हणाली, दरवर्षी विसरतेस बघ.